तीन जबडे, चार जबडे

१७८९ साली लंडनमध्ये जोसेफ ब्रामाच्या कुलपांच्या कारखान्यात अठरा वर्षांचा एक पोरगा काम मागायला आला. नाव हेन्री मॉड्स्ले. वूलिचच्या शस्त्रागारात लोहारकामावर त्याचा हात बसलेला होता; पण सात वर्षांची रीतसर उमेदवारी झालेली नव्हती आणि तेवढी केल्याशिवाय जुने कारागीर कोणाला आपल्या पंगतीला बसवत नसत. ब्रामाला पोरगा पसंत होता, अडचण मुकादमाची होती. तेव्हा मॉड्स्लेने तिथल्या एका झिजून गेलेल्या शेगड्याकडे, म्हणजे आज सगळे ज्याला व्हाइस म्हणतात त्याच्याकडे, बोट दाखवले. हा संध्याकाळी सहाच्या आत नव्यासारखा करून दिला, तर कामावर घ्याल का? कोट उतरवून तो कामाला लागला. जबड्यांना नवे पोलाद चढवले, कानशीने घासून त्यांवर दाते पाडले, पाणी देऊन ते कडक केले आणि सहाच्या आत शेगडा जागेवर परत बसवला. मुकादमाला पुढे बोलायला जागा उरली नाही.

सॅम्युएल स्माइल्सने १८६३ मध्ये छापलेल्या ‘इंडस्ट्रियल बायोग्राफी’ या पुस्तकात हा प्रसंग दिला आहे. सांगता सांगता त्यावर थोडी झिलई चढली असेल. तरी परीक्षेसाठी निवडलेली वस्तू लक्षात घेण्याजोगी आहे. हाच मॉड्स्ले पुढे इंग्लंडमधला नामांकित यंत्रकार झाला. १८०० च्या सुमारास त्याने संपूर्ण धातूचा, आटे कापणारा लेथ नावारूपाला आणला. जोसेफ क्लेमंट, जेम्स नॅस्मिथ, जोसेफ व्हिटवर्थ ही पुढच्या पिढीतली मोठी माणसे त्याच्याच कारखान्यात काम करून गेली. अशा माणसाच्या नावावरचे पहिले गाजलेले काम म्हणजे जॉब, म्हणजे घडवायची वस्तू, धरून ठेवण्याच्या एका साधनाची दुरुस्ती.

यंत्रयुगाची गोष्ट सांगताना वाफ, वीज, पोलाद, पाते यांची नावे येतात. जॉब ज्याने धरून ठेवला त्याचे नाव क्वचितच घेतले जाते. पण लेथवर उभ्या असलेल्या कोणत्याही टर्नरला विचारावे. कापण्यापेक्षा जॉब बांधण्यात आणि सरळ करण्यातच पुष्कळदा जास्त वेळ जातो. पकड ढिली राहिली तर जॉब उडतो, जादा आवळली तर त्याचा आकार बिघडतो, मध्य चुकला तर केलेली मेहनत भंगारात जाते. दोनशे वर्षांत यासाठी जी जी साधने निघाली, त्या प्रत्येकाने काही देऊन काही घेतले आहे. काम लवकर हवे की बिनचूक, हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहिला. म्हणूनच लेथशेजारच्या कपाटात आजही एकाऐवजी दोन-तीन चक, म्हणजे फिरता जॉब धरणारी साधने, ठेवलेले दिसतात.

मॉड्स्लेच्या काळचा शेगडा लोहाराच्या गरजेतून घडला होता. एक जबडा स्थिर आणि त्याचा पाय थेट जमिनीपर्यंत गेलेला. दुसरा जबडा खाली बिजागरीवर झुलणारा. दोहोंना जवळ ओढणारा आट्यांचा दांडा. हातोड्याचा घाव पायातून जमिनीत उतरे, त्यामुळे कितीही ठोकले तरी तो टिके. खोट एकच होती. झुलणारा जबडा कमानीत उघडतो, समांतर सरकत नाही. पातळ पट्टी नीट धरली जाते, पण जाड ठोकळा घातला की जबड्याची नुसती एक कड टेकते.

एकोणिसाव्या शतकात बिडाचा, घसरपट्टीवर सरकणारा समांतर व्हाइस आला. अमेरिकेत मेरिडन गावी चार्ल्स पार्कर आणि इंग्लंडमध्ये शिपली गावी पार्किन्सन यांच्या कारखान्यांनी असे व्हाइस घरोघरच्या वर्कशॉपपर्यंत पोचवले. जबडे सगळ्या रुंदीत सपाट टेकू लागले आणि फिटरचे काम सोपे झाले. मात्र बीड घाव सोसत नाही, तडकते. त्यामुळे लोहाराने जुना पायाचा शेगडा सोडला नाही आणि फिटरने नवा घेतला. एकाने दुसऱ्याला हटवले असे झालेच नाही.

लेथवरची अडचण याहून अवघड होती, कारण तिथे जॉबच फिरतो. जुनी आणि आजही सर्वांत भरवशाची रीत म्हणजे जॉब दोन सेंटरांच्या मध्ये धरणे. दांड्याच्या दोन्ही टोकांना मधोमध शंकूच्या आकाराचे खड्डे करायचे, दोन टोकदार सेंटर त्यांत बसवायचे आणि जॉबला कॅरिअर नावाची एक पकड आवळून त्याच्या शेपटीने जॉब फिरवायचा. असा दांडा काढून, मोजून, उलटा करून पुन्हा लावला तरी तो त्याच मध्यावर फिरतो. पण ज्याच्या तोंडाला काम करायचे आहे, ज्याला आतून भोक मोठे करायचे आहे, त्याचे काय? पुढचे सेंटर नेमके हत्याराच्या वाटेत येते. कडे, चकती, वाटी, चाक यांना एकाच बाजूने धरावे लागते.

यावर कारागिरांनी नाना युक्त्या केल्या. लाकूड कातणारे एका ठोकळ्यात खोबण करून त्यात जॉब ठोकून बसवत. घड्याळजी नाजूक चकत्या लाखेने चिकटवत आणि काम झाले की गरम करून सोडवत. आपल्याकडचा सोनार नक्षी उठवताना दागिना राळेत बसवतो, त्यामागचा विचार हाच आहे: जबड्याने चेपेल अशी वस्तू चिकटवून धरावी. मोठ्या जॉबसाठी फेसप्लेट होती. भोकाभोकांच्या त्या तबकडीवर पट्ट्या आणि बोल्ट लावून जॉब आवळायचा. आणखी एक प्रकार घंटेच्या आकाराचा. पोकळ वाटीच्या कडेतून आठ स्क्रू मध्याकडे घुसवलेले असत. एक सैल करायचा, समोरचा आवळायचा, फिरवून पाहायचे, पुन्हा सैल करायचा. जॉब मध्यावर येईपर्यंत कारागिराचा घाम निघे आणि बाहेर आलेली स्क्रूची डोकी फिरताना बाही पकडत ती वेगळीच.

यात दोन कामे मिसळलेली होती, धरणे आणि मध्य साधणे. धरण्याचे काम स्क्रू करत होता. मध्य साधण्याचे काम कारागिराच्या डोळ्यांवर आणि बोटांवर होते. पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे हे दुसरे काम माणसाकडून काढून साधनाकडे सोपवण्याचा खटाटोप.

त्याची एक चुणूक लाकूडकामात दिसते. ब्रिटिश आरमाराला शिडांचे दोर ओढण्यासाठी दरवर्षी लाखभर कप्प्या लागत. मार्क ब्रुनेलच्या आराखड्यांवरून मॉड्स्लेने पोर्ट्समथच्या गोदीसाठी ४५ यंत्रे बनवून दिली आणि १८०८ मध्ये तिथे १ लाख ३० हजार कप्प्या तयार झाल्या. पूर्वी ११० कसबी माणसे लागत तिथे १० साधी माणसे पुरू लागली. या यंत्रांतली सर्वांत हुशार गोष्ट त्यांच्या पकडीत होती. पहिले यंत्र लाकडाचा ठोकळा पकडताना त्यावर ठरावीक जागी खळगे उमटवी. पुढच्या यंत्रांच्या पकडी त्याच खळग्यांत बसत. त्यामुळे भोक पाडणे, खाच कापणे आणि बाहेरचा आकार देणे या सगळ्या क्रिया एकाच बिंदूपासून मोजल्या जात. मोजमाप कोणी करत नव्हते; ते पकडीतच भरलेले होते. आज ज्याला फिक्स्चर म्हणतात त्याचे सगळे तत्त्व इथे आहे.

मॉड्स्लेच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ क्लेमंटने हाच विचार धातूच्या लेथवर नेला. चार्ल्स बॅबेजच्या गणक यंत्राचे भाग १८२३ पासून तो बनवत होता आणि त्या भागांना लागणारा नेमकेपणा तोवर कोणी पाहिला नव्हता. सेंटरांमध्ये धरलेल्या दांड्याला एकाच पिनेने ढकलले, की तो सूक्ष्मसा एका बाजूला रेटला जातो, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने दोन पिनांनी ढकलणारी योजना केली आणि दोन्ही पिनांवरचा भार आपोआप सारखा व्हावा अशी तजवीज केली. १८२८ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्याला या चकासाठी रौप्यपदक दिले. त्याच संस्थेने त्याआधी, १८१९ च्या सुमारास, अलेक्झांडर बेल नावाच्या कारागिराचा गौरव केला होता. बेलच्या चकात तीन खुंट समभुज त्रिकोणात उभे होते आणि ते तिन्ही एकाच वेळी, सारख्याच अंतराने मध्याकडे किंवा मध्यापासून दूर सरकत.

तीनच का, हे समजून घेतले पाहिजे. तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जाते. तीन जबडे सारखे सरकले की गोल दांडा मध्यावर येण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. षटकोनी सळईही तशीच बसते. चार जबडे एकत्र सरकवले आणि दांडा किंचित वेडावाकडा असला, तर दोन जबडे घट्ट बसतात आणि दोन नुसते टेकल्यासारखे राहतात.

बेलची कल्पना इंग्लंडमध्ये गौरवापुरती राहिली. तिला बाजार मिळाला तो अमेरिकेत. सायमन फेअरमन (१७९२–१८५७) हा त्यातला मुख्य माणूस. १८ जुलै १८४० रोजी त्याला लेथच्या चकाचे पेटंट मिळाले. त्याचे नाव कनेक्टिकट राज्यातल्या वेस्ट स्टॅफर्ड या लहानशा गावाशी जोडलेले आहे. त्याचा जावई ऑस्टिन कुशमन याने सासऱ्याच्या कल्पनेत सुधारणा करून ‘कुशमन युनिव्हर्सल चक’ काढला आणि १८६२ पासून हार्टफर्ड शहरात त्याचा धंदा उभा राहिला.

आजचा साधा तीन जबड्यांचा चक उघडला तर आत तीच रचना दिसते. पोटात एक जाड तबकडी असते. तिच्या पुढच्या तोंडावर जिलेबीच्या वेढ्यांप्रमाणे मध्यापासून बाहेर जाणारी एकच सलग खाच असते. पाठीमागे दाते असतात आणि त्यांत पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, अडकलेले असते. चकाच्या कडेवरच्या चौकोनी भोकात चावी घालून फिरवली की पिनियन फिरते, तबकडी फिरते आणि खाचेत दाते अडकलेले तिन्ही जबडे एकाच मापाने आत किंवा बाहेर सरकतात. खाच सलग असल्यामुळे तिन्ही जबड्यांचे दाते सारख्या जागी चालत नाहीत. प्रत्येकाचे दाते आधीच्यापेक्षा खाचेच्या दोन वेढ्यांमधल्या अंतराच्या एक तृतीयांशाने मागे-पुढे केलेले असतात. म्हणून जबड्यांवर १, २, ३ असे आकडे कोरतात आणि त्याच क्रमाने ते घालावे लागतात. आयटीआयमध्ये नव्या पोराने क्रम चुकवला, की जबडे मध्यात एकत्र भेटत नाहीत आणि वर्गात हशा पिकतो.

फेअरमन-कुशमन यांच्या चकाला गिऱ्हाईक आयते मिळाले, कारण तो योग्य ठिकाणी जन्मला. हार्टफर्डला १८५५ मध्ये सॅम्युएल कोल्टचा पिस्तुलांचा मोठा कारखाना उभा राहिला. उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर स्प्रिंगफील्डचे सरकारी शस्त्रागार होते. १८६० मध्ये प्रॅट अँड व्हिटनी यांनी हार्टफर्डलाच यंत्रे बनवायला सुरुवात केली. मग शिलाई यंत्रे आली, पुढे अल्बर्ट पोपच्या सायकली आल्या. या सगळ्यांना एकसारखे हजारो गोल भाग हवे होते आणि प्रत्येक भाग आठ स्क्रू आवळत मध्यावर आणायला कोणाला सवड नव्हती. विंडसर लॉक्सला हॉर्टन, न्यू ब्रिटनला स्किनर, न्यू लंडनला व्हाइटन असे चक बनवणारे एकापाठोपाठ एक त्याच राज्यात उभे राहिले. बंदुकीच्या धंद्याने मागणी दिली आणि त्या मागणीवर चकाचा स्वतंत्र धंदा उभा राहिला.

या सोयीची किंमत मात्र चुकवावी लागली.

वळणदार खाचेची वक्रता मध्याजवळ जास्त आणि कडेला कमी असते. जबड्याचे दाते मात्र एकाच घडणीचे. त्यामुळे प्रत्येक व्यासाला ते खाचेत पुरते बसत नाहीत, थोड्याच जागी टेकतात आणि तिथेच झिजतात. वापरात रुळलेला तीन जबड्यांचा चक जॉबला मध्यापासून शंभरातल्या काही भागांनी, म्हणजे मिलिमीटरच्या पाच-दहा शतांशांनी, बाजूला धरतो. टर्नरच्या भाषेत जॉब ‘आउट’ फिरतो. आणि तो आउट फिरला तरी सरकवता येत नाही, कारण तिन्ही जबडे एकमेकांना बांधलेले असतात.

इथे चार जबड्यांचा चक कामाला येतो. त्यात प्रत्येक जबड्याला स्वतःचा स्क्रू असतो. हा चक स्वतःहून काहीच करत नाही. टर्नर डायल, म्हणजे काट्याचे मापक, लावतो, चक हाताने फिरवतो, काटा कुठे चढतो ते बघतो, समोरासमोरचे जबडे एक सैल, एक घट्ट असे करत जातो. वेळ लागतो, पण काटा शंभरातल्या एका भागाच्या आत स्थिर करता येतो. चौकोनी ठोकळा, वेडेवाकडे ओतकाम, मध्यापासून मुद्दाम सरकवलेले भोक, हे सगळे याच चकात धरता येते. म्हणजे घंटेच्या आकाराच्या जुन्या चकातला कारागिराचा डोळा इथे पुन्हा परत आला, फक्त त्याच्या मदतीला डायल आली.

तीन जबड्यांची दुसरी खोट जास्त फसवी आहे. पातळ भिंतीचे कडे त्यात आवळले की तीन ठिकाणी ते आत दबते आणि मधल्या तीन ठिकाणी बाहेर फुगते. याच अवस्थेत आतले भोक बोअर केले तर भोक अगदी गोल होते, पण चक सैल करताच कडे मूळ आकारावर परत जाऊ पाहते आणि भोक तीन फुगवट्यांचे बनते. समोरासमोरच्या दोन बिंदूंमधले अंतर मोजणाऱ्या मायक्रोमीटरला हा दोष पुष्कळदा दिसतच नाही, कारण एका बाजूच्या फुगवट्यासमोर दुसऱ्या बाजूचा सपाट भाग येतो आणि व्यास सगळीकडे सारखाच भरतो. बेअरिंग बसवायची वेळ आली की मग खरे कळते. यावर सॉफ्ट जॉचा उपाय निघाला. कडक न केलेले जबडे चकातच बसवायचे, मध्ये एक कडे आवळून त्यांना ताण द्यायचा आणि जॉबच्या नेमक्या व्यासाला ते जबडेच बोअर करून घ्यायचे. मग पकड तीन रेघांवर न राहता जवळजवळ सगळ्या परिघावर पसरते, आणि जबडे लेथच्या त्याच स्पिंडलवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, कातलेले असल्याने मध्यही साधतो. पण ते त्या एका व्यासापुरतेच. दुसरा व्यास आला की जबडे पुन्हा बोअर करा.

घड्याळाच्या धंद्याने आणखी वेगळी वाट काढली. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम इथे १८५० च्या दशकात घड्याळे यंत्रांवर बनू लागली. तिथे चार्ल्स मोझलीचे नाव पोकळ स्पिंडल आणि चिरलेल्या कॉलेटशी जोडले जाते. कॉलेट म्हणजे उभ्या चिरा दिलेली पोलादी नळी. ती निमुळत्या तोंडात मागे ओढली की सगळ्या बाजूंनी मिटते आणि बारीक सळईला जवळजवळ पूर्ण परिघावर धरते. पकड तीन जबड्यांपेक्षा बिनचूक आणि फिरायला हलकी. पोकळ स्पिंडलमुळे पाठीमागून लांब सळई पुढे सरकवता येते. हार्टफर्डच्या ख्रिस्तोफर स्पेन्सरने १८७३ मध्ये स्वयंचलित स्क्रू-यंत्राचे पेटंट घेतले. अशा यंत्रांत सळई सरकवणे, धरणे आणि कापणे ही कामे माणसाचा हात न लागता होऊ लागली. कॉलेटची मर्यादा अशी, की एक कॉलेट एका व्यासाला. प्रत्येक मापासाठी वेगळा कॉलेट, म्हणजे एक अख्खा डबा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने ईआर नावाचा कॉलेट आणला. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने चिरलेला असल्याने तो जवळपास एक मिलिमीटरपर्यंत मिटतो आणि थोड्याच कॉलेटांत सगळी मापे भागतात. आज मिलिंग यंत्रांवर कटर धरायला तो जगभर रूढ आहे.

ड्रिल धरणारा चक हे याच घराण्यातले सर्वांत ओळखीचे पात्र. घरच्या भोक पाडायच्या यंत्रावरही तो असतो. त्याच्या मागे एका माणसाच्या सोललेल्या बोटांची गोष्ट सांगतात. आर्थर जेकब्स जुन्या धाटणीचा ड्रिल चक पान्याने आवळत असताना पाना निसटला आणि त्याची बोटे सोलली. १९०२ मध्ये त्याने दात्यांच्या चावीने आवळणाऱ्या चकाचे पेटंट घेतले आणि पुढच्या वर्षी हार्टफर्डला कारखाना काढला. बाहेरची कॉलर फिरवली की आतले तीन जबडे तिरक्या वाटांनी पुढे येऊन मिटतात. चावीने जोर सगळीकडे सारखा लागतो आणि बोटांना धोका कमी. पण चावीने एक नवा धोका आणला. ड्रिल असो की लेथ, चावी चकातच विसरून यंत्र चालू केले तर ती गोळीसारखी सुटते. प्रत्येक वर्कशॉपमध्ये या एका चुकीवर उस्ताद सर्वांत जास्त ओरडतात. पुढे चावीला स्प्रिंग बसवून हात काढताच ती आपोआप बाहेर पडावी अशी सोय झाली.

जी वस्तू जबड्यात धरताच येत नाही, तिच्यासाठी चुंबक आले. ग्राइंडिंग यंत्रावर पातळ पट्टी व्हाइसमध्ये आवळली तर ती वाकते. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या मॅसॅच्युसेट्सच्या वुस्टरमधल्या ओ. एस. वॉकर कंपनीने वीजचुंबकाचे चक बाजारात आणले आणि पट्टी बाजूने न दाबता खालून ओढून धरली जाऊ लागली. पण चुंबक पट्टीला ओढून सपाट करतो आणि मूळची वाकडी पट्टी सोडल्यावर पुन्हा वाकते. शिवाय पितळ, ॲल्युमिनिअम चुंबकाला दाद देत नाहीत.

विसाव्या शतकात वेग वाढला आणि प्रश्नाचे रूप पालटले. चक फिरतो तसे जबडे बाहेर फेकले जाऊ पाहतात. वेग दुप्पट केला की हा बाहेरचा ओढा चौपट होतो आणि पकडीतून तेवढा वजा होतो. यंत्राची ताकद आणि हत्याराची धार कितीही भारी असली तरी चक साथ देईल तेवढाच वेग घेता येतो, हे संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे आल्यावर सगळ्यांना कळले. हायड्रॉलिक चकात तेलाच्या दाबाने मागचा सिलिंडर दांडा ओढतो आणि पाचर जबड्यांना मध्याकडे ढकलते. काही चकांत जबड्यांचा बाहेरचा ओढा तोलण्यासाठी उलट्या बाजूला वजने बसवतात. ऑपरेटरने पायाचा स्विच दाबला की चक उघडतो, पुन्हा दाबला की मिटतो. जॉब बदलायला काही सेकंद पुरतात. मात्र जबड्यांचा एकूण प्रवास काही मिलिमीटरचाच. व्यास बदलला की जबडे बोल्ट काढून सरकवावे लागतात आणि सॉफ्ट जॉ असतील तर पुन्हा बोअर करावे लागतात. एकच माल हजारोंनी काढायचा असेल तेव्हा हे परवडते.

महाराष्ट्रात हे सारे यंत्रांबरोबर आले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना यंत्रांशी जोडले गेले, १८८८ मध्ये बेळगावला सायकलच्या दुकानाने धंद्याला सुरुवात झाली आणि १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तिथे लोखंडी नांगराचे भाग कातायचे तर लेथ लागणारच. पुढे १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर कंपनी उभी राहिली आणि लेथच देशात बनू लागले. सातारा जिल्ह्यात सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने इंजिने आणि यंत्रे बनवली. १९५३ मध्ये बेंगळुरूला हिंदुस्थान मशीन टूल्स सुरू झाली आणि त्याच वर्षी अंबरनाथला संरक्षण खात्याची यंत्रनिर्मितीची फॅक्टरी निघाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी-चिंचवड, भोसरी, नाशिक, औरंगाबाद या पट्ट्यांत छोट्या वर्कशॉपांची दाटी झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्रीचे ओतकाम आणि लेथ शेजारी शेजारी आले.

या वर्कशॉपांत आजही दोन्ही जगे एका छपराखाली नांदतात. गाड्यांच्या कंपन्यांना ठरावीक भाग पुरवणारा सीएनसीवर हायड्रॉलिक चक लावून पायाच्या स्विचवर माल काढतो. शेजारी दुरुस्तीच्या कामाला आलेला पंपाचा तुटका शाफ्ट किंवा उसाच्या चरकाचा रोलर साध्या लेथवर चार जबड्यांत बांधून, डायल लावून सरळ केला जातो. पहिल्याला माल किती निघाला यावर पैसे मिळतात, दुसऱ्याला काम जमले यावर. टर्नरच्या आयटीआय अभ्यासक्रमात तीन जबड्यांचा चक आणि चार जबड्यांचा चक हे दोन्ही शिकवतात, ते जुन्या परंपरेपोटी नाही. ओतकामाचा प्रत्येक तुकडा थोडा वेगळा आणि दुरुस्तीला येणारा प्रत्येक जॉब एकुलता एक असेपर्यंत बोटांचे काम जबड्यांवर पूर्ण सोपवता येत नाही.

कनेक्टिकटच्या चक कारखान्यांबद्दल आज इतके सांगता येते, कारण त्यांची पेटंटे, कॅटलॉग आणि चकाच्या तोंडावर कोरलेली गावाची नावे शिल्लक राहिली. आपल्याकडच्या जुन्या वर्कशॉपांत असे चक अजून पडलेले आहेत. लेथ भंगारात देण्याआधी त्याच्या चकावरची धूळ पुसून कंपनीचे नाव, गाव आणि पेटंटची तारीख टिपून ठेवावी, आणि तो कोणत्या कारखान्यातून, कोणत्या साली आला हे जुन्या कामगारांना विचारून त्याखाली लिहावे. किर्लोस्करवाडी, सातारा रोड आणि उद्यमनगर यांच्या इतिहासाचे एक पान तेवढ्याने भरेल.